वाट कोणाची?

मराठीच्या अध्यापकाकडे माणसे काय काय घेऊन येतात त्याची यादी केली, तर लग्नपत्रिकेचा मसुदा, सेवानिवृत्तीचे मानपत्र, श्रद्धांजलीचा मजकूर आणि ग्रामपंचायतीला द्यावयाचा अर्ज हे चार प्रकार ठळकपणे निघतील. गेल्या पावसाळ्यात माझ्या यादीत पाचव्याची भर पडली. आमच्या वाडीतल्या एक वहिनी शिकाऊ लायसनच्या परीक्षेची प्रश्नपुस्तिका घेऊन दारात उभ्या राहिल्या. वहिनी मासळी विकतात. त्यांच्या सासूबाई मालवणच्या बंदरावरून डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव चालत जात. वहिनींनी जुनी स्कूटर घेतली आहे आणि पाटीच्या जागी मागे प्लॅस्टिकचा क्रेट बांधलेला असतो. गाडी त्या चांगली चालवतात. लायसन मात्र नव्हते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना वाहन चालवण्याचा दंड ५,००० रुपये झाल्याचे त्यांच्या कानावर आले होते. एवढे पैसे मासळीतून सुटायला किती दिवस लागतात ते त्यांना ठाऊक होते.

पुस्तिका माझ्यासमोर ठेवून त्या म्हणाल्या, "मास्तरांनू, चिन्हां माका येतत. ह्यां मराठी येणा नाय."

वहिनी सातवीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या. घरी येणारे वर्तमानपत्र रोज वाचतात. मी जवळपास पंचवीस वर्षे मराठी शिकवतो. पुस्तिका उघडली आणि तिसऱ्याच प्रश्नावर मीही थबकलो. या लेखाचे कारण तो थबकणे आहे.

परीक्षेची चौकट प्रथम सांगितली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम १९८८ चा, त्याखालचे केंद्रीय नियम १९८९ चे. त्यांतील अकराव्या नियमानुसार शिकाऊ अनुज्ञप्ती देण्यापूर्वी उमेदवाराला वाहतुकीची चिन्हे व सिग्नल, रस्त्याचे नियम, अपघातप्रसंगीची चालकाची कर्तव्ये, रक्षक नसलेले रेल्वे फाटक ओलांडताना घ्यायची काळजी आणि जवळ बाळगायची कागदपत्रे यांचे ज्ञान आहे की नाही हे पाहिले जाते. साठ टक्के उत्तरे बरोबर आली की उमेदवार उत्तीर्ण. महाराष्ट्रात १५ प्रश्न येतात, ९ बरोबर यावे लागतात. परीक्षा संगणकाच्या पडद्यावर होते, प्रत्येक प्रश्नाखाली पर्याय असतात, आणि २०२१ साली ती आधार ओळखपत्राच्या साहाय्याने घरबसल्या देण्याची सोयही झाली. (जाता जाता: ब्रॉडगेजवरील रक्षकविरहित फाटके जानेवारी २०१९ अखेर संपुष्टात आल्याचे रेल्वेने जाहीर केले. कोकण रेल्वे ब्रॉडगेजच आहे आणि मालवणात तर रेल्वेच नाही. तरीही जे फाटक त्यांना कधी भेटणार नाही त्याची काळजी वहिनींनी पाठ केली.)

आता साहित्याच्या अभ्यासकांनी क्षणभर विचार करावा. इतक्या प्रौढ माणसांना राज्यसंस्था सक्तीने वाचायला लावते आणि समजले की नाही हे तपासते, असा दुसरा मराठी मजकूर मला आठवत नाही. व्यावसायिक वाहनाच्या चालकासाठी असलेली आठवी उत्तीर्णतेची अट २०१९ साली काढून टाकण्यात आली, आणि ते योग्यच झाले. शाळा सुटली म्हणून चांगला चालक नाकारण्यात अर्थ नव्हता. परंतु त्यामुळे या छोट्या परीक्षेचे वजन वाढले. चालक आणि लिखित नियम यांची गाठ पडण्याची ती बहुधा एकमेव जागा उरली. आपण दलित आत्मकथनाच्या भाषेवर लिहितो, ग्रामीण कादंबरीतील बोलीवर प्रबंध करतो, जाहिरातींच्या मराठीवर चर्चासत्रे भरवतो. या प्रश्नसंचाच्या मराठीवर मात्र कोणी चार ओळी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

चिन्हांपुरते वहिनींचे म्हणणे खरे होते. एका संध्याकाळीत त्या सगळी शिकल्या. सोस्यूरचा चिन्हविचार शिकवताना मी वर्षानुवर्षे लाल दिव्याचे उदाहरण देत आलो, पण रस्त्यावरच्या पाट्यांची व्यवस्था इतकी नीटस आहे हे मला त्या संध्याकाळी कळले. लाल कडेचा त्रिकोण सावध करतो, वर्तुळ हुकूम देते, आयत माहिती पुरवतो. आकार कळला की आतले चित्र दिसण्याआधीच पाटीचा सूर कळतो. या व्यवस्थेत दोन अपवाद मुद्दाम केलेले आहेत. 'थांबा'ची पाटी अष्टकोनी आणि 'वाट द्या'ची पाटी उलटा, टोकावर उभा त्रिकोण. या दोघी हुकूम देणाऱ्या असूनही वर्तुळात बसवलेल्या नाहीत, कारण त्या मागच्या बाजूनेही ओळखू याव्यात. समोरून येणाऱ्याला थांबायचे आहे की नाही हे आपल्यालाही कळले पाहिजे, एवढा विचार त्या आकारात आहे. वहिनींना हे फार आवडले. "म्हणजे तेका काय सांगलां ता माकाय कळता," त्या म्हणाल्या. चिन्हविज्ञानावरचे याहून नेमके वाक्य माझ्या वर्गात अजून कोणी बोललेले नाही.

अडचण वाक्यांपाशी होती. पुस्तिकेत लायसनला 'अनुज्ञप्ती' म्हटले होते. 'मार्गाधिकार' होता, 'अग्रक्रम' होता, 'प्राधान्य' तर पानोपानी होते. इथे शासकीय मराठीची थट्टा करण्याचा मोह होतो, आणि तो जुना आहे. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ साली पदनाम कोश आला आणि 'बदनाम कोश' म्हणून त्याची टिंगल झाली. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर ही परिभाषा कचेऱ्यांतून हळूहळू रुळत गेली. मला या थट्टेत सामील व्हायचे नाही. 'महापौर' आणि 'दिनांक' हे शब्दही एकेकाळी असेच घडवलेले, असेच परके होते. आज ते भाजीबाजारात चालतात. अनोळखी शब्द हा दोष नव्हे. शब्द वापराने ओळखीचा होतो, आणि 'अनुज्ञप्ती' म्हणजे लायसन हे वहिनींना सांगायला मला अर्धे मिनिटही लागले नाही.

दोष वाक्यरचनेत होता, आणि तो कळायला मला आठवडा लागला.

घाटातल्या नियमाचे उदाहरण घेऊ. आपल्या जिल्ह्यात आंबोली, फोंडा, करूळ, भुईबावडा असे घाट आहेत. हा नियम इथे पुस्तकी नाही. १९८९ च्या रस्तानियमावलीत त्याचा आशय असा होता: डोंगरी व चढउताराच्या रस्त्यावर, दोन वाहने सुरक्षितपणे जाण्याइतकी रुंदी नसेल तेथे, उतरणाऱ्या वाहनाच्या चालकाने चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे आणि त्यासाठी आपले वाहन कडेला थांबवावे. २०१७ साली त्या नियमावलीची जागा नव्या नियमावलीने घेतली, पण चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावे हे तत्त्व घाटात आजही शिकवले जाते. या वाक्याचा कर्ता कोण ते पाहा. उतरणारा चालक. क्रिया दोन, आणि दोन्ही त्यानेच करायच्या: जाऊ देणे आणि थांबणे. चढणाऱ्याने काय करावे याबद्दल वाक्य काहीच बोलत नाही.

आता हेच वाक्य प्रश्नाच्या साच्यातून जाते. "चढणीच्या अरुंद रस्त्यावर मार्गाधिकार कोणाचा असतो?" पर्याय: चढणाऱ्याचा, उतरणाऱ्याचा, मोठ्या वाहनाचा. उत्तर बरोबरच येते, कारण माहिती तीच आहे. कर्ता मात्र बदलला आहे. ज्याने थांबायचे तो वाक्यातून नाहीसा झाला आणि ज्याला जायचे आहे तो मालक होऊन बसला. कर्तव्याचे वाक्य हक्काचे झाले. इंग्रजीतला 'राइट ऑफ वे' हा शब्दप्रयोग मराठीत 'अधिकार' म्हणून उतरला की हे अपरिहार्यपणे घडते. प्रश्नामागून प्रश्न 'कोणाला प्राधान्य', 'कोणाचा अग्रक्रम', 'कोणाचा अधिकार' अशी विचारणा होते आणि वाचणारा प्रत्येक वेळी स्वतःला त्या 'कोणाच्या' जागी बसवून पाहतो. माझा हक्क कुठे कुठे आहे, एवढेच तो पुस्तिकेतून शिकून उठतो.

वहिनींनी या प्रश्नावर तिसरा पर्याय निवडला. मोठ्या वाहनाचा. अनुभवाने तेच शिकवले होते. मी त्यांना 'मार्गाधिकार' समजावू लागलो, तशा त्या अधिकच गोंधळल्या. शेवटी मी वेगळे विचारले. सासूबाई भरलेली पाटी घेऊन पाणंदीतून वर येत आहेत, तुम्ही रिकाम्या हाताने खाली उतरत आहात, पाणंद एकाच माणसापुरती आहे, तर काय कराल? त्या हसल्याच. हा काय प्रश्न आहे? ओझेवाल्याला थांबवायचे नसते. भरली पाटी घेऊन चढणीवर थांबणे आणि पुन्हा पाऊल उचलणे हेच सर्वांत कठीण. रिकाम्याने गडग्याला टेकून उभे राहायचे. मग पाटीच्या जागी मालाने भरलेला ट्रक ठेवला. चढावर थांबलेला ट्रक पुन्हा हलवणे कठीण, तो मागे घसरण्याचे भय. उतरणाऱ्याला थांबणे आणि निघणे त्या मानाने सोपे. क्षणभर त्या गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे वाट कोणाची नसता. देवची लागता."

अख्ख्या नियमावलीचा गाभा या दोन वाक्यांत आहे, आणि तो मराठीत आधीपासूनच होता. आपण वाट देतो, वाट सोडतो, वाट करून देतो. जो देत नाही तो वाट अडवतो. रोजच्या बोलण्यात 'साइड' हा इंग्रजी शब्द घेतला तोही 'देणे' या क्रियापदासकट. साइड देतात किंवा देत नाहीत, साइडचा अधिकार कोणी सांगत नाही. भाषेने जे क्रियापद निवडून ठेवले होते ते परिभाषेने गाळले आणि त्या जागी एक नाम बसवले. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती मला लहान वाटत नाही.

हे बोलीचे भाबडे कौतुक वाटू नये म्हणून समुद्राकडे पाहू. समुद्रावरील टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ च्या करारातून आले आणि १९७७ पासून अमलात आहेत. दोन यांत्रिक नौका एकमेकींचा मार्ग छेदणार असतील, तर जिच्या उजव्या हाताला दुसरी नौका आहे तिने बाजूला व्हायचे. इंजिनाच्या नौकेने शिडाच्या नौकेला आणि जाळे टाकल्यामुळे जिला वळणे कठीण आहे अशा मासेमारी नौकेला वाट द्यायची. पाणंदीतल्या पाटीचे तत्त्व तेच. मात्र अधिक लक्षणीय आहे ती या नियमांची परिभाषा. त्यांत एक नौका 'वाट देणारी' आणि दुसरी 'मार्ग कायम ठेवणारी' अशी दोन नावे आहेत, आणि दोघींनाही कर्तव्य लावलेले आहे. पहिलीने वेळीच आणि स्पष्टपणे दूर व्हायचे. दुसरीने दिशा व वेग न बदलता जायचे, म्हणजे पहिलीला अंदाज चुकणार नाही. आणि पहिली हलत नाही असे दिसले तर दुसरीनेच टक्कर टाळायची. बुडून मेलेल्याला हक्काचा उपयोग नसतो, हे समुद्राच्या कायद्याने शब्दयोजनेतच ओळखले आहे. आमच्या किनाऱ्यावर ही समज घराघरांत आहे. त्याच घरातले माणूस रस्त्यावर येते तेव्हा त्याच्या हाती 'मार्गाधिकार' पडतो.

प्रश्नसंचात सगळेच असे आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. अशा पुस्तिकांतून हमखास आढळणारा एक प्रश्न आहे: पांढरी काठी घेतलेली अंध व्यक्ती रस्ता ओलांडत असेल तर चालकाने काय करावे? योग्य उत्तर असे की ती काठी हीच थांबण्याची खूण मानावी. इथे चालकच कर्ता आहे, आणि नियमाचे कारण नियमातच आले आहे. ज्याला पाटी दिसत नाही त्याच्या हातातली काठीच पाटी झाली. वहिनींना हा प्रश्न एकदाच वाचून दाखवावा लागला. अपघातात कोणी जखमी झाल्यास काय करावे, याही प्रश्नाला त्या अडल्या नाहीत. "आधी माणूस बघूचो, मगे पोलीस." कायद्याचे १३४ वे कलम याच क्रमाने बोलते: आधी जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे, मग पोलिसांना कळवणे, आणि तेही उशिरात उशिरा चोवीस तासांत. म्हणजे जिथे वाक्य माणसाला कर्ता करते आणि कारण दाखवते तिथे सातवीची मराठी पुरते. जिथे ते हक्काचे कोष्टक होते तिथे पंचवीस वर्षांची अध्यापकी थबकते.

यावर एक आक्षेप मला दिसतो आणि तो वजनदार आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, असे केंद्रीय मंत्रालयाचा अहवाल सांगतो, त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवर होती. ही माणसे काय 'मार्गाधिकार' शब्दामुळे मेली? वेग, हेल्मेटचा अभाव, रस्त्यांची अवस्था, उलट दिशेने येणारी वाहने ही कारणे समोर असताना मराठीच्या मास्तराने वाक्यातला कर्ता शोधत बसावे, ही चैन नव्हे काय?

भाषा सुधारली की अपघात घटतील असा दावा मी करणार नाही. पण नियम दोन प्रकारे पाळला जातो. पोलीस दिसतो म्हणून, किंवा तो का आहे हे पटले म्हणून. तारकर्लीहून देवबागेकडे जाणाऱ्या चिंचोळ्या रस्त्यावर, एका बाजूला कर्लीची खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असताना, सुटीच्या दिवसांत पर्यटकांच्या गाड्या समोरासमोर येतात तेव्हा तिथे पोलीस नसतो, दिवा नसतो, बहुतेक ठिकाणी पाटीही नसते. (सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, रस्ते पुष्कळसे आधीच्याच रुंदीचे राहिले.) तिथे दोन अनोळखी माणसांच्या मनात जे वाक्य आधी येईल त्यावर पुढचे ठरते. 'माझा हक्क आहे' हे वाक्य, किंवा 'मी वाट द्यायची आहे' हे वाक्य. पहिल्या वाक्याला राज्यसंस्थेने गुण दिलेले असतील, तर दुसरे कुठून येणार?

वहिनींच्या परीक्षेचे काय झाले ते सांगणे भाग आहे. पहिल्या खेपेला १५ पैकी ८. एका गुणाने नापास. सगळे नियम कारणांसकट समजलेली बाई पडद्यावरच्या वाक्यांपाशी, ठरलेल्या सेकंदांत, हरली. मग त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने सूत्रे हातात घेतली. प्रश्नाचा पहिला शब्द आणि उत्तराचा पहिला शब्द, अशा जोड्या तिने आईकडून पाठ करून घेतल्या. 'मार्गाधिकार' दिसला की 'चढणाऱ्याचा'. मधले वाचायचेच नाही. दुसऱ्या खेपेला १३ गुण मिळाले. समजून घेतले तेव्हा नापास आणि समजणे सोडले तेव्हा उत्तीर्ण, हा निकाल माझ्या शिकवण्यावरचाही आहे. तो ऐकून मी पेढा खाल्ला, पण आमच्या विद्यापीठीय परीक्षांतही हेच चालते हे आठवून तो गोड लागला नाही.

पुढे दिवाळीच्या सुमारास एका सकाळी मी व्याख्यानाला निघालो होतो. उशीर झाला होता. आमच्या वाडीच्या घाटीवरून मी मोटार घेऊन उतरत होतो आणि खालून वहिनी, मागे भरलेला क्रेट, चढत होत्या. दोघांना पुरेल एवढा रस्ता नव्हता. मी थांबायला हवे होते. मी हॉर्न दिला. त्यांनी पाय टेकला, स्कूटर हातभर मागे घसरली, क्रेट कलंडला आणि बांगडे चिऱ्याच्या गडग्याशी पसरले. लागले कोणालाच नाही. मी उतरून बांगडे गोळा करू लागलो तेव्हा त्या रागावल्याही नाहीत. फक्त म्हणाल्या, "मास्तरांनू, तुमकां तर उत्तर पाठ होतां मां?"

पाठ होते. हा लेख तेव्हा अर्धा लिहूनही झाला होता.

त्यामुळे जे मागतो आहे ते स्वतःला वगळून मागत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण आनंद साजरा केला, आणि करायलाच हवा होता. त्यानंतरच्या कामांच्या याद्यांत जुन्या पोथ्या, कोश, अनुवाद आहेत. त्यांच्या शेजारी ही पातळ पुस्तिकाही ठेवावी, असे मला वाटते. महाविद्यालयांतल्या मराठी विभागांनी हा प्रश्नसंच घेऊन बसावे; प्रत्येक नियमाचे वाक्य असे लिहावे की ज्याने काही करायचे आहे तोच त्याचा कर्ता असेल, आणि पुढे एका ओळीत कारण असेल. मोटार वाहन निरीक्षकांना दाखवून ते अचूक करून घ्यावे आणि परिवहन विभागाकडे पाठवावे. उत्तर चुकले तर पडद्यावर नुसती लाल फुली न येता ते कारण यावे. बोलीत परीक्षा घ्या, असे मी म्हणत नाही. १९८० साली 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आल्यापासून मालवणीवर हसायला महाराष्ट्र शिकला, तिच्याकडून शिकायला अजून शिकायचा आहे, एवढेच सुचवतो. प्रमाण मराठीत 'वाट देणे' हे क्रियापद आहेच. ते परत आणायचे आहे.

पदव्युत्तर वर्गाला या वर्षी प्रकल्प म्हणून मी तीस प्रश्न वाटून दिले आहेत. वाक्य पुन्हा लिहायचे आणि घरातल्या किंवा शेजारच्या, सातवी-आठवीपर्यंत शिकलेल्या एका माणसाला वाचून दाखवायचे. त्याला एका वाचनात कळले तर गुण. घाटीच्या प्रश्नापुढे मी परीक्षक म्हणून वहिनींचे नाव लिहिले आहे. त्यांनी होकार दिला आहे, मात्र सकाळची विक्री आटोपल्यावर.